वीस मिनिटं बघायचं

कोल्हीण पहिल्यांदा आली त्या सकाळी माझ्या तोंडून जो शब्द गेला तो कोल्हिणीसाठी नव्हता. मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून मी बसलो होतो, पावणेआठ झाले होते, आणि अंजिराची पानं अशी सावकाश गळत होती की जणू प्रत्येकाला आपला राजीनामा स्वतः नेऊन द्यायचा आहे. कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे तळाची फळी कुजून भगदाड पडलंय, तिथून आधी नाक आलं, मग कान, मग अख्खी कोल्हीण. तीन पावलं टाकली आणि मला दिसलं की डावा पुढचा पाय अर्धा ठोका उशिरा पडतोय. एवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडून बायको बाहेर आली, धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन. दोघी थबकल्या. दोघींनी एकमेकींना नीट पाहून घेतलं, आणि फारसं काही बिघडलेलं नाही असं ठरवून एक अंजिराखाली पडलेली फळं खायला गेली, दुसरी दोरीकडे निघाली. टोपली उजव्या कमरेवर होती, डावा हात मोकळा होता. मोकळा हात चालताना हलतो. तो हलवावा लागत नाही. हा हलत नव्हता. खुंटीला अडकवून विसरलेल्या छत्रीसारखा लटकत होता. आणि मी, माझ्या बायकोकडे बघत, एकोणतीस वर्षांच्या संसाराकडे बघत, स्वच्छ उच्चारात म्हणालो, ‘बाद.’

हा आमच्या कामातला शब्द. मी सव्वीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो. काम सांगायला सोपं आहे. समोर उजेडाचा पांढरा फलक, त्याच्यापुढून पट्ट्यावर रिकाम्या बाटल्या जातात, मिनिटाला दोनशे, आणि जिच्यात तडा, बुडबुडा, खडा किंवा वाकडी मान दिसेल ती उचलून मागच्या पिंपात टाकायची. टाकताना ‘बाद’ म्हणायचं. पिंपाला न सांगताही कळलं असतं, पण माणूस आठ तास न बोलता बसला की त्याचं काय होतं ते कारखान्याने एकदा पाहिलं होतं आणि पुन्हा पाहायची त्यांची तयारी नव्हती. वीस मिनिटं बघायचं, चाळीस मिनिटं डोळे विसावायचे, असा नियम. विसावा म्हणजे शेजारच्या खोलीत बाकावर बसून हिरव्या भिंतीकडे बघायचं. वाचायचं नाही, पत्ते कुटायचे नाहीत, नुसतं हिरवं बघायचं. माझे सासरे शेवटपर्यंत लोकांना सांगत, ‘जावई भिंतीकडे बघतात. पगार चांगला आहे.’ ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांना सगळे घुबड म्हणत, तोंडावरसुद्धा. ‘बाटलीकडे बघितलंस तर मेलास,’ घुबड म्हणायचे. ‘उजेडाकडे बघ. चूक असेल ती आपणहून मधे येईल.’ आणि दुसरं: ‘का, हे विचारायचं नाही. का, हे भट्टीवाल्यांचं डोकं. आपण उचलायचं, टाकायचं, पुढची.’ मी हे दोन्ही इतकं मन लावून शिकलो की मुलगी लहानपणी रडत घरी आली तर मला तिचा सोललेला गुडघा लांबून दिसायचा, पण ती कशी पडली हे विचारायचं बायकोवर राहायचं.

तिसरी गोष्ट घुबडांनी शिकवली नाही, ती आम्हाला आपोआप लागली. आम्ही जागे आहोत की नाही हे कळावं म्हणून पर्यवेक्षक पाळीत एकदा-दोनदा मुद्दाम तडा गेलेली बाटली पट्ट्यावर सोडायचा. तिला आम्ही पाहुणी म्हणायचो. पाहुणी सुटली तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर नाव. म्हणून पाहुणी ओळखली तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही, शेजाऱ्याला सांगायचं नाही, कारण सांगितलं तर त्याची परीक्षा राहिली कुठे? गुपचूप उचलायची. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही पाहुणी सुटली नाही. मग कॅमेरा आला. कॅमेऱ्याला हिरवी भिंत लागत नाही. निरोपाच्या वेळी कारखान्याने मला एक बाटली दिली, तिच्यावर माझं नाव कोरलेलं. हातात घेतल्याबरोबर तिच्या खांद्यात बुडबुडा दिसला. मी आभार मानले. ती बाटली या खिडकीतच आहे, आणि बुडबुडा चुकून राहिला की मुद्दाम ठेवला, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

घरी बसायला लागल्यावर आठवड्याभरात बायकोने एक जाडजूड वही आणून दिली. ती सकाळी रोपवाटिकेत काम करते, कुंड्यांत खोचायच्या पट्ट्यांवर झाडांची नावं लिहिते. वही तिथलीच, जुन्या वर्षाची. म्हणाली, ‘घरात माझ्याकडे बघत बसू नकोस. मला कानकोंडं होतं. मागे बघ. काय येतं जातं ते लिही.’ म्हणून मी बघायला लागलो. पानगळीत अंगण उघडं पडतं, जे उन्हाळाभर पानांत लपून चालतं ते सगळं उघड्यावर येतं. कावळे सात, त्यांतला एक फक्त इतरांच्या चोचीतलं खाणारा. खारी दोन, दोघी एकाच जागी आक्रोड पुरणाऱ्या आणि दोघी दुसरीवर चोरीचा आळ घेणाऱ्या. एक साळिंदर, जे एकदाच आलं आणि अंगण पसंत नसल्यासारखं परत गेलं. हे मी वेळेसकट लिहीत असे. त्या सकाळीही लिहिलं: ‘७.४५. कोल्हीण. डावा पुढचा पाय, अर्धा ठोका उशीर. टोपली घेऊन ही.’ आणि पुढे हाताने आपल्या सवयीने एक शब्द लिहून टाकला. मी तो खोडला. मग खोडलेल्यावर पुन्हा खोडला. कागद फाटला तेव्हा थांबलो.

त्यानंतरचे पाच आठवडे मी काय केलं, असं कुणी विचारलं तर उत्तर एका ओळीत देता येईल: मी बघत होतो. बाटलीचं एक बरं असतं, दिसलं की हाताला काम असतं. इथे हात काय करणार? तिला उचलून कुठे ठेवणार? रोज सकाळी ठरवायचो की आज बोलायचं, आणि वाक्य जुळवायला बसायचो. ‘तुझा हात हलत नाही.’ हे काय बोलणं झालं? पोलीसठाण्यात तक्रार द्यावी तसं. ‘हल्ली बरी आहेस ना?’ यावर ती ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणणार, आणि मग तो हात आमच्या दोघांच्या मध्ये जेवायला बसणार. न बोललं तर निदान तो तिचा एकटीचा हात होता. कदाचित रात्री आखडला असेल, कदाचित टोपली जड असेल, कदाचित माझे डोळेच निवृत्त झाले असतील. मी मनात एकेक कारण पट्ट्यावर सोडत होतो आणि माझं मीच उचलून पिंपात टाकत होतो. आणि चूक तर आपणहून उजेडात येत होती. वाण्याची यादी तिने लिहून दिली, तिच्यात पहिली ओळ नेहमीसारखी आणि शेवटची मुंग्या गेल्यासारखी. वाणी म्हणाला, ‘वहिनींनी कागद वाचवलाय.’ मी हसलो. मुलीचा दूरच्या शहरातून फोन आला, आईशी बोलून झाल्यावर ती मला म्हणाली, ‘बाबा, आईचा आवाज इतका बारीक का येतोय? फोन बिघडलाय का तुमचा?’ मी म्हणालो, ‘जुना झालाय गं.’ आठवड्याभरात तिने नवा फोन पाठवला. फार छान फोन होता. त्यातून आईचा आवाज आणखी स्वच्छ बारीक येऊ लागला, आणि मुलगी बिचारी दुकानदाराला पत्रं लिहीत राहिली.

कोल्हीण मात्र न चुकता येत होती. शेजारी राहतात ते स्टेशनमास्तर होते, निवृत्तीला दहा वर्षं झाली पण गाड्या अजून त्यांच्या अंगातून जातात. कुंपणावरून ते ओरडायचे, ‘तुमची कोल्हीण आज सात मिनिटं लेट!’ सुरुवातीला त्यांना तिचं कौतुक होतं. मग तिने त्यांच्या दारातली एक चप्पल नेली आणि ते कायद्यावर आले. ‘लंगडं जनावर फार वाईट,’ ते मला समजावू लागले. ‘पळता येत नाही, मग ते चावतं. तुम्ही दिवसभर खिडकीत असता, तुम्हाला दिसत नाही का ती लंगडते ते?’

‘दिसतं.’

‘मग काही करत का नाही?’

याच्याइतका सरळ प्रश्न मला त्या पाच आठवड्यांत कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, ‘काय करू?’

‘भगदाड बुजवा! एवढं शिकलेलं माणूस तुम्ही, दोन विटा लावायच्या!’ आणि रविवारी दुपारी ते स्वतःच दोन विटा आणि थापी घेऊन आले. त्यांनी माझ्या अंगणातून माझं भगदाड बुजवलं, मी त्यांना पाणी आणून दिलं, आणि मला वर हात धुवायला साबण काढून ठेवायचंही सुचलं. सोमवारी पावणेआठला विटेच्या वरच्या फटीत तेवढं नाक आलं. ते तिथे बराच वेळ होतं. मी घड्याळात पाहिलं, वहीत लिहिलं: ‘नाक. चार मिनिटं.’ मग ते गेलं. त्या चार मिनिटांत मला उठता आलं असतं. सिमेंट अजून ओलं होतं.

त्याच दिवशी दुपारी बायको रोपवाटिकेतून आली, चप्पल काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला तो मी पाठमोरा बसून ऐकला, आणि ती येऊन खिडकीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. माझ्यासमोर, उजेड पाठीशी घेऊन. तिच्या हातात माझी वही होती.

‘एक विचारू?’

‘विचार ना.’

‘आपण घरात माणसं दोन. गेले पाच आठवडे मी दिवसातून चार-चार वेळा कपडे वाळत घालायला या खिडकीसमोरून जातेय. एवढे कपडे असतात का रे आपले?’

‘मला वाटलं हवा दमट आहे. वाळत नसतील.’

‘परवा एकच रुमाल मी चार वेळा वाळत घातला. कोरडा.’

मी रुमाल आठवू लागलो. निळा होता. कडेला शिवण उसवलेली. ते मला बरोबर दिसलं होतं.

‘मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले होते. दीड महिना झाला,’ ती म्हणाली. ‘रोपवाटिकेतल्या मालकीणबाईंनीच धरून नेलं. पट्ट्यांवरची नावं त्यांना वाचता येईनात. डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत इकडून तिकडे चालायला लावलं आणि म्हणाल्या, हात हलत नाही हे ज्याचं त्याला उशिरा कळतं, घरच्यांना आधी. घरी कुणाच्या लक्षात आलं का? मी म्हटलं, आमच्या घरी तर तपासनीसच आहे. विचारते.’

‘विचारलं नाहीस.’

‘विचारल्यावर कुणीही हो म्हणतं. तुमच्यात ती पाहुणी सोडायचे ना, न सांगता? तशी गेले मी. म्हटलं बघू, उचलतोय का.’

बाहेर कावळ्यांचं काहीतरी भांडण चाललं होतं. मी ते ऐकत होतो, आणि त्याच वेळी पाच आठवड्यांतल्या तिच्या सगळ्या फेऱ्या माझ्यासमोरून पुन्हा जात होत्या, टोपली उजव्या कमरेवर, डावा हात दिसेल असा खिडकीच्या बाजूला. जाताना ठीक, पण येतानाही ती हात खिडकीकडेच राहावा म्हणून उलटा वळसा घालून यायची, अंजिराच्या पलीकडून, ओल्या पानांतून, आणि मी त्या वळशाची वेळसुद्धा लिहून ठेवली होती. पर्यवेक्षकाने बाटली इतकी डोळ्यांसमोर कधी धरली नव्हती.

‘काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?’ मी विचारलं.

‘कंपवात. सुरुवात आहे. गोळ्या दिल्यात. बरा होत नाही म्हणे, हळू होतो.’ हे तिने रोपांना पाणी किती घालायचं हे गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. मग वहीचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. ‘सगळ्या वहीत तू कुठे खाडाखोड केलेली नाहीस. इथेच एवढी का?’

‘चुकीचं लिहिलं होतं.’

‘काय लिहिलं होतंस?’

‘वाचता येत नाही आता.’

‘येतं,’ ती म्हणाली आणि तिने पान वर करून खिडकीच्या उजेडासमोर धरलं. ‘तूच सांगायचास, बाटलीकडे नाही, उजेडाकडे बघायचं.’

कागदातून दुपार आरपार येत होती, आणि फाटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना माझं सुवाच्य अक्षर. माझ्याकडे दोन उत्तरं होती. दिसलंच नाही, असं म्हणालो असतो तर मी आंधळा नवरा ठरलो असतो, आणि असे पुष्कळ असतात, त्यांचा कुणी राग धरत नाही. दिसलं, म्हणालो तर मी काय ठरतो याला आमच्या धंद्यात शब्द नव्हता; बाटली दिसली आणि उचलली नाही, असं कुणी केलेलंच नव्हतं. तिने वही खाली घेतली नव्हती. ती डाव्या हातात होती, आणि पान थरथरत होतं, आणि खिडकी बंद होती.

‘पहिल्याच दिवशी,’ मी म्हणालो.

तिने मान हलवली. ‘वाटलंच मला. म्हणजे मी उगाच रुमाल वाळवला.’ आणि ती हसली, मीसुद्धा हसलो, आणि दोघांनाही ते एकदम थांबवता येईना, कोरड्या रुमालाचं पुन्हा पुन्हा हसू येत राहिलं. मग ती थांबली. ‘दिसलं नसतं तर मी रागावले असते,’ ती म्हणाली. ‘दिसलं आणि बोलला नाहीस, त्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. सापडलं की सांगते.’ दारापर्यंत जाऊन ती वळली. ‘आणि त्या विटा काढ. तिचा पाय दुखतोय, तिला लांबून यायला लावू नकोस.’

विटा काढायला मला दोन तास लागले. स्टेशनमास्तरांनी आयुष्यभर जे काही केलं ते पक्कंच केलं होतं. ते कुंपणापलीकडे उभे राहून बघत होते. ‘अहो, पण ती लंगडी आहे!’ ते एकदा म्हणाले. मी म्हणालो, ‘हो, माहीत आहे,’ आणि ते माझ्या तोंडाकडे बघून आत गेले.

बोललं की सुटतं असं म्हणतात. ते कुणी म्हटलंय त्याला एकदा आमच्या घरी आणून बसवायला हवं. बोलून झाल्यावर मी उघड बघायला लागलो. ती बटण लावत असली की मी बघायचो, पायरी उतरताना बघायचो, चमचा तोंडाशी नेताना माझं तोंड अर्धवट उघडायचं. दारात वाट बघायचो, कप तिच्या हातातून पडायच्या आत घ्यायचो, न पडणारेसुद्धा. मुलीला फोनवर सगळं सांगितलं, तर ती बराच वेळ काही बोलेना, आणि मी ‘ऐकू येतंय ना? ऐकू येतंय ना?’ करत राहिलो. चार दिवस बायकोने हे चालू दिलं. पाचव्या दिवशी चहाच्या वेळी तिने कप माझ्या हातातून परत घेतला.

‘हे असं नको,’ ती म्हणाली.

‘मी काय केलं?’

‘चोवीस तास बघतोयस. मी पट्ट्यावर झोपते, पट्ट्यावर उठते. तू बघत असलास की हात जास्त हलतो, कळतं का तुला?’

‘मग बघायचंच नाही?’

‘असं कुठे म्हटलं? न बघणारा नवरा मी करू शकले असते, दोन सांगून आलेले होते.’ तिने कप ठेवला. बशीत त्याचा बारीक आवाज झाला आणि तो आवाज संपेपर्यंत ती थांबली. ‘तुमचा नियम होता ना? तो घरात लागू. वीस मिनिटं बघ, काय बघायचं ते डोळे भरून बघ, उचलायचं ते उचल. मग चाळीस मिनिटं मागे अंगणात. वळायचं नाही.’

‘आणि त्या चाळीस मिनिटांत काही झालं तर?’

‘तर होईल,’ ती म्हणाली. ‘कारखान्यात काय व्हायचं?’

कारखान्यात त्या चाळीस मिनिटांत पट्ट्यावर दुसरा माणूस बसायचा. हे मी बोललो नाही. तिलाही माहीत होतं.

आता तसं चाललंय. अंजिराला सात पानं आहेत. टेबलावरचं घड्याळ मी खिडकीत बाटलीशेजारी आणून ठेवलंय, आणि अंगण हेच आमचं हिरवं, जरी या दिवसांत त्यात हिरवं असं काही उरलेलं नाही. मागे स्वयंपाकघरात ती असते. डबा उघडतो. झाकण फिरतं, थांबतं, पुन्हा फिरतं. काहीतरी सांडतं, तांदळासारखं, पसरत जाणारं, आणि मग बराच वेळ काहीच आवाज येत नाही. पूर्वी मला वाटायचं, काच दिसते आणि माणसं ऐकू येतात. आता कळतंय की ऐकण्याचं प्रशिक्षण मी घेतलेलंच नाही, कुठला आवाज बाद आणि कुठला चालेल ते मला ओळखता येत नाही, सगळेच उचलावेसे वाटतात.

आज पावणेआठला भगदाडाशी काही नव्हतं. आठला नव्हतं. विटा काढल्यापासून एकदाही नव्हतं, आणि मी ‘नाही’ असं रोज लिहीत होतो. आठ वाजून नऊ मिनिटांनी नाक आलं, मग कान, मग ती. रोडावली होती. पाय आता अर्धा ठोका नाही, पुरता एक ठोका उशिरा पडत होता. जमिनीला टेकवायच्या आधी ती जणू जमिनीला विचारत होती. अंजिराखाली एक सुकलेलं फळ होतं. बायकोला बोलवायला हवं होतं, आठ दिवस ती विचारत होती, ‘आली का?’ पण हाक मारायची तर वळावंसं वाटणार, आणि माझी चाळीस मिनिटं चालू होती. मी तोंड उघडून तसाच बसलो. पाठीमागे पावलं आली, एक नेहमीचं, एक घासत, आणि खुर्चीच्या मागे थांबली.

‘आली,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘बिचारी. वाढलंय.’

‘हो.’

तिने हात खुर्चीच्या पाठीवर टेकवला. कुठला, ते मला बघायला लागलं नाही. लाकडातून ते माझ्या पाठीत येत होतं, बारीक, न थांबणारं, आमचा पट्टा सुरू असताना बाकात यायचं तसं. मी कोल्हिणीकडे बघत राहिलो. अजून अकरा मिनिटं होती.